एकूणात कोणती ब्रुअरी भारी

आईच्या पंचाहत्तरीला माझे दोन भाऊ ग्वाल्हेरला आले होते. एक पुण्याचा, माझ्या आत्याचा मुलगा. दुसरा बंगलोरचा, काकांचा मुलगा. दोघेही माझ्याहून लहान, चाळिशी ओलांडलेले, चांगल्या पगाराचे, मला ताई म्हणणारे. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते. सामान रिक्षात चढवून थाटीपूरच्या आमच्या घरी पोचायच्या आतच दोघांची जुंपली. विषय होता, देशातली सगळ्यात चांगली ब्रुअरी कोणती. जिथे काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्या असतात, तिथेच बिअर तयार होते आणि तिथेच बसून प्यायची असते, त्या जागांबद्दल हे भांडण होतं. पुण्याचा पुण्यातल्या एका ब्रुअरीच्या बाजूने, बंगलोरचा बंगलोरमधल्या.

"नुसती बिअर नको बघूस," पुण्याचा म्हणाला, "एकूणात बघ. एकूणात आमचीच भारी."

तो शब्द मी त्या चार दिवसांत इतक्यांदा ऐकला की अजूनही कुणी शाळेत 'एकूणात निकाल चांगला लागला' असं म्हणालं तरी माझं डोकं फिरतं.

पहिल्या दिवशी मला राग आला नव्हता, हे खरं. थंडीचे दिवस, गच्चीवर छान ऊन, मी मटार सोलत बसले होते आणि दोघे सतरंजीवर लोळत भांडत होते. बंगलोरचा म्हणे, आमच्याकडची गव्हाची बिअर अशी की घोट घेतला की केळ्याचा वास येतो, आणि केळं तर कुणी घातलेलंच नसतं. पुण्याचा म्हणे, केळं खायचं तर केळंवाल्याकडे जा, बिअरला कडवटपणा हवा, आमच्याकडची कडू बिअर जिभेवर पाच मिनिटं राहते. मग जेवणावर आले. मग पार्किंगवर. मग गाण्यांच्या आवाजावर. बंगलोरच्या ब्रुअरीत म्हणे झाडं आहेत, अख्खं जंगल वाटतं. पुण्याच्या ब्रुअरीत म्हणे वेटरला तुमचं नाव आठवतं.

दादाची मुलगी, माझी भाची, पंच झाली होती. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचं मराठी अर्ध्या वाक्यात रस्ता बदलतं. "काका, ये तो चीटिंग है," ती म्हणाली, "जेवणाचे मार्क्स तुम्ही दोनदा जोडून राहिले."

"जोडून राहिले नाही गं, जोडताय," पुण्याचा म्हणाला. "ग्वाल्हेरचं मराठी म्हणजे ना..."

आणि हसला. आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना ह्या हसण्याची सवय आहे. आमचे पूर्वज इथे फौजेबरोबर आले, कुणी दरबारात राहिले, कुणी देवळात, आणि आम्ही इतकी वर्षं हिंदीच्या गर्दीत ही भाषा धरून ठेवली. आता कुणीतरी चार दिवसांसाठी येतं आणि तिचे हिज्जे तपासतं. पण तेही मी सोडून दिलं. पाहुणे होते.

दादा संध्याकाळी आला. माझा सख्खा मोठा भाऊ. तो वकील आहे, इंदरगंजला त्याचं ऑफिस आहे, आणि वहिनी व मुलीबरोबर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. ऑफिस बंद करून तो रोज आईकडे येतो, चहा घेतो, थोडा वेळ बसतो, मग घरी जातो. ह्या चहाची वेळ आमच्या घरात किती महत्त्वाची आहे ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. कारण पूर्वी त्या वेळेला दादा मुरारमधल्या दारूच्या ठेक्यावर असायचा.

दादा पीत होता. मित्रांबरोबर बसून घेणारे असतात, तसा नाही. सकाळी कोर्टात जायच्या आधी, दुपारी गाडीत, रात्री जिथे मिळेल तिथे. वकीलपत्रावर सही करताना हात थरथरायचा म्हणून पक्षकार सोडून गेले. मग कावीळ झाली, पोट फुगलं, हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे काढले आणि डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं की आता एक थेंबही नाही. त्याला चार वर्षं होऊन गेली. एक थेंबही घेतलेला नाही. नातेवाइकांत आम्ही 'लिव्हरचा त्रास झाला होता' एवढंच सांगतो. सगळे मान डोलावतात आणि सगळ्यांना माहीत असतं.

दादाही त्या भांडणात हसत सामील झाला. "अरे, पाणी कुठलं वापरतात ते बघा," म्हणाला, "निम्मी चव पाण्याची." भाची त्याच्याकडे बघत होती. मी भाचीकडे बघत होते. दादा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता, कप रिकामा झाल्यावरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढीसाठी दही काढायला फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे, बिअरचे रंगीत डबे एकावर एक रचून ठेवले होते. त्यांच्यावर हत्ती, आंबे, चष्मा घातलेलं माकड अशी काहीबाही चित्रं. बाजूला झाकणाच्या दोन मोठ्या तपकिरी बाटल्या. आईच्या फ्रिजमध्ये. ज्या घरात दादा रोज संध्याकाळी येतो आणि स्वतःच्या हाताने पाण्याची बाटली काढून घेतो, त्या फ्रिजमध्ये.

मी पुण्याच्या भावाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"हे काय आहे?"

"अगं, सॅम्पल्स. कपड्यांत गुंडाळून आणली. त्याने पण आणली आहेत. नुसतं बोलून भांडण मिटत नाही ना."

"हे आत्ताच्या आत्ता काढ इथून."

तो हसला. "ताई, तू समजतेस तसं नाहीये. ही दारू नाही गं. ही क्राफ्ट बिअर आहे. जव, पाणी, हॉप्सची फुलं, बस. लोक चवीसाठी पितात, नशेसाठी नाही. ठेक्यावरची देशी आणि हे ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"दादाच्या लिव्हरला तो फरक समजावून सांगशील?"

"दादाला कोण देतंय?"

"मग तो रोज उघडतो त्या फ्रिजमध्ये का ठेवलंस?"

"ताई, थोडं जास्त होतंय तुझं. दादा लहान मूल आहे का? आणि इतकी वर्षं झाली आता."

मी त्याला पुन्हा सांगितलं, शांतपणे, शाळेत सातवीच्या मुलांना सांगते तसं, की हे सगळं काढ आणि तुझ्या बॅगेत ठेव, कुठेही ठेव. तो हो म्हणाला. मी पाहुण्यांची उठबस, हारवाला, गुरुजींचा शिधा ह्यात अडकले. तासाभराने बघितलं तर डबे कप्प्यातून त्याच्याखालच्या भाजीच्या खणात गेले होते आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. एवढंच त्याने केलं होतं. माझ्या डोळ्यांआड करायचं, बस. मी तेव्हाच ते मोरीत ओतायला हवं होतं. पण गुरुजी येऊन बसले होते आणि आईला ओवाळायचं होतं.

पूजा छान झाली. आईने नवी पैठणी नेसली, दादाने तिला हात धरून पाटावर बसवलं. सगळे जेवले. नातेवाईक गेले. आई आत झोपली. चार वाजत आले होते, ऊन अजून गच्चीवर होतं. मी भांडी आवरून वर गेले.

सतरंजीवर आईच्या पूजेतल्या स्टीलच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या. चार वाट्यांत बिअर होती, फेस अजून बसला नव्हता. डबे आणि बाटल्या पाठीमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, म्हणजे कोणती कुठली ते दिसू नये. पुण्याचा आणि बंगलोरचा समोरासमोर बसले होते. मधे दादा बसला होता, मांडी घालून, पूजेचं सोवळं बदलून, स्वेटरमध्ये. भाची कठड्यापाशी उभी होती.

"तटस्थ जज पाहिजे ना," पुण्याचा म्हणत होता, "तू ना पुण्याचा ना बंगलोरचा. आणि तुझी जीभ, दादा! आपल्या घरात तुझ्याइतकी चव कुणाला कळते? गिळू नकोस. नुसतं तोंडात घे, फिरव, थुंकून टाक. वाईनवाले नाही का करत?"

"एक घोट फक्त," बंगलोरचा म्हणाला. तो जरा चाचरत म्हणाला, हे मी त्याच्या बाजूने नमूद करते.

दादा नुसता हसत होता. ते हसू मला पाठ आहे. कोर्टात समोरचा वकील खोटं बोलतो तेव्हा तो तसं हसतो, आणि पूर्वी खिशात बाटली असायची तेव्हाही तसंच हसायचा. दोन्हींतलं कुठलं, ते मला त्या क्षणी कळलं नाही.

"बाबा, मत करो," भाची म्हणाली. फार हळू. मग ती वळली आणि जिना उतरून गेली.

मी दोन वाट्या उचलल्या आणि गच्चीच्या पन्हळीत ओतल्या. मग उरलेल्या दोन. मग एक बाटली उपडी केली. पुण्याचा भाऊ "ताई! ताई!" करत उठला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"हात सोड," मी म्हणाले. "तुला माहीत होतं. ह्याने डोळ्यांनी बघितलं नव्हतं," मी बंगलोरच्याकडे बोट केलं, "हा तेव्हा परदेशात होता. पण तुला माहीत होतं. बाबांना घेऊन गेलो तेव्हा स्मशानात दादाला तू धरून उभा होतास. त्याला उभं राहता येत नव्हतं. मडकं त्याच्या खांद्यावर ठेवता येईना म्हणून ते माझ्या खांद्यावर दिलं. तू बघितलंस. तू त्याचा वास घेतलास. आणि आज तू त्याला म्हणतोस, तोंडात घे आणि फिरव? तुला कोणाची ब्रुअरी भारी हे ठरवायचं होतं म्हणून?"

शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेली बाई तशीच थांबली. मी आवाज कमी केला नाही. बत्तीस वर्षं शाळेत शिकवते, माझा आवाज मैदानाच्या टोकाला जातो. मला जे जे सुचलं ते बोलले. तुमची हॉप्स, तुमचं केळं, तुमची जंगलं. गरीब माणूस ठेक्याबाहेर पडला तर त्याला ओलांडून जाता आणि स्वतः पिता तेव्हा त्याला 'चव' म्हणता. पुण्याच्या भावाचं तोंड लाल झालं होतं. बंगलोरचा खाली बघत होता.

"पुरे," दादा म्हणाला.

मला वाटलं तो त्यांना म्हणतोय. तो माझ्याकडे बघत होता.

"माझ्या वतीने तू बोलायचं नाहीस. तुला काय वाटलं, मी घेणार होतो?"

मी हातातली रिकामी बाटली खाली ठेवली.

"सांग ना. घेणार होतो?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"रोज नाही म्हणतो मी. कोर्टात, लग्नांत, पक्षकारांच्या घरी. रोज. आत्ताही म्हणणार होतो. तू म्हणू दिलं नाहीस. आणि स्मशानातली गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलीस."

तो उठला, चपला घातल्या आणि खाली गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन नाहीसा झाला.

मी वहिनीला फोन केला. दादा घरी पोचला नव्हता. त्याला केला, उचलला नाही. पुन्हा केला, बंद होता. वहिनी दहा मिनिटांत आली. आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर बसलो आणि मुरारकडे निघालो. पूर्वी आम्ही दोघी अशाच निघायचो. कुठल्या ठेक्यावर आधी बघायचं, मग कुठल्या धाब्यामागे, मग बाजारातल्या कुठल्या बंद दुकानाच्या पायरीवर, हे आम्हांला न बोलता माहीत होतं. आणि चार वर्षांनी मी पुन्हा त्याच वळणांवर ब्रेक मारत होते, वहिनी त्याच ठिकाणी मान वळवत होती. मला पुण्याच्या भावाचा इतका राग आला होता की हँडल धरलेले हात दुखायला लागले.

ठेक्यावर तो नव्हता. धाब्यावर नव्हता. मग वहिनी मागून म्हणाली, "आज त्यांची बैठक असते."

दारू सोडलेली माणसं मुरारला एका जुन्या शाळेच्या खोलीत जमतात. दादा तिथे जातो हे मला माहीत होतं, पण मी कधी गेले नव्हते. शाळेच्या फाटकात त्याची स्कूटर उभी होती. वहिनीने ती बघितली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी रिक्षाने घरी जाते. पोरगी एकटी आहे. तुम्ही थांबा."

मी थांबले. खोलीच्या खिडकीतून कुणाचं तरी हिंदीतलं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने माणसं बाहेर आली. एक फौजी दिसणारा म्हातारा, एक दुकानदार, एक माझ्या शाळेतला माजी विद्यार्थी, ज्याने मला बघून नमस्कार केला आणि नजर चुकवली. शेवटी दादा. मला बघून तो थबकला.

"आधी ठेक्यावर बघून आलीस ना?"

"हो."

"ह्याचाच राग येतो मला."

"मग येऊ दे," मी म्हणाले. "मला पण येतो."

"त्यांचा ना? पोरं आहेत ती. मूर्ख आहेत."

"त्यांचा नाही. तुझा."

हे मी ठरवून बोलले नाही. ते तोंडातून निघालं आणि मग मला समजलं की हे खरं आहे. आधी तो आजारी होता, आजारी माणसावर कसं रागवायचं? मग त्याने सोडली, सगळे म्हणायला लागले, काय हिंमत, काय निश्चय, आईने देवीला चोळी वाहिली. हिंमतवाल्या माणसावर कसं रागवायचं? मधे मला कुणी जागाच ठेवली नव्हती. मला राग यायचा तो शाळेतल्या मुलांवर, दूधवाल्यावर, फ्रिजमधल्या डब्यांवर.

"बोल," दादा म्हणाला.

आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. संध्याकाळ झाली होती, समोरच्या बाजारात दिवे लागले होते आणि गजकवाल्या हलवायाच्या दुकानातून तीळ-गूळ कुटल्याचा आवाज येत होता. मी बोलायला लागले. तू पोरीला स्कूटरवर पुढे उभी करून निघालास आणि पडलास, तिच्या भुवईवर अजून टाक्याची खूण आहे. बाबा शेवटचे आठ दिवस तुझं नाव घेत होते आणि मी त्यांना खोटं सांगत होते की तू दिल्लीला केससाठी गेलायस. तू मुरारला होतास. आणि स्मशानात.

"स्मशानातलं मला काही आठवत नाही," दादा म्हणाला.

"काहीच?"

"घरातून निघालो ते आठवतं. मग दुसऱ्या दिवशीची सकाळ."

मला वाटत होतं की आम्ही दोघे तो दिवस आपापल्या बाजूने उचलून चाललो आहोत. तो त्याच्या शरमेने आणि मी माझ्या रागाने. आणि तो म्हणतो, मला आठवतच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच. मी उठून उभी राहिले. मला त्याला मारावंसं वाटलं, पन्नाशीच्या पुढच्या, पिकल्या केसांच्या माणसाला, भर रस्त्यात.

"मग ऐक," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर मडकं ठेवलं आणि ते घसरलं. पुण्याच्या भावाने ते झेललं. गुरुजी म्हणाले, मुलीला घ्या, आणि दोन म्हातारे कुरकुरले, आणि पुण्याचा भाऊ त्यांना म्हणाला, गप्प बसा. मी फेऱ्या घातल्या. माझी साडी खांद्यापासून पायापर्यंत भिजली. दादा एका झाडाला टेकून बसला होता आणि कुणालातरी सांगत होता की बाबांना थंडी वाजेल. हे सांगताना माझा आवाज चढला, मग फाटला, मग पुन्हा चढला. येणारे-जाणारे बघत होते. दादाने एकदाही मला हळू बोल म्हटलं नाही. तो रडला नाही. 'सॉरी' म्हणाला नाही. त्याने प्रश्न विचारले. मडकं कुणाच्या हातून फुटलं? आईला कुणी सांगितलं? मी कुठल्या झाडाखाली होतो?

घरी आलो तेव्हा बंगलोरच्या भावाने उरलेले सगळे डबे रिकामे करून कचऱ्याच्या पिशवीत भरले होते आणि वाट्या घासून ठेवल्या होत्या. तो दादाच्या पाया पडला. पुण्याचा टीव्हीसमोर बसला होता. "ताईने मूड घालवला सगळ्यांचा," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. ज्याने त्या दिवशी मडकं झेललं आणि म्हाताऱ्यांना गप्प केलं तोच हा माणूस, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरणं मला जमत नव्हतं. अजूनही जमत नाही.

दोघे परत जायच्या दिवशी सकाळी दादाने बेडई पुरी आणि जिलबी आणली. सगळे खायला बसलो. मग दादाच म्हणाला, "तुमचा निकाल राहिला."

"सोड ना दादा," बंगलोरचा म्हणाला.

"नाही, मी जज होतो ना. मला एक सांगा. तुम्ही 'एकूणात' म्हणता. बिअर धरली, जेवण धरलं, झाडं धरली, पार्किंग धरलं. जो पीत नाही तो तिथे गेला तर काय?"

"लिंबू सोडा मिळतो," बंगलोरचा म्हणाला.

"ते नाही विचारत. तीन तास बसला तर कितीजण त्याला विचारतील, का घेत नाही म्हणून? वेटर विचारेल?"

बंगलोरच्याने विचार केला. "विचारेल. आणि आमच्या टेबलवरचे तर नक्कीच."

"पण न पिणारा माणूस ब्रुअरीत जाईलच कशाला?" पुण्याचा म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"ही पुढच्या वर्षी नोकरीला बंगलोरला जाईल," दादाने मुलीकडे मान केली. "तिचा वाढदिवस असेल. तिचे मित्र तिथेच जातील ना? मग मी कुठे बसू?"

भाची जिलबी हातात धरून बसली होती. "बाबा, हम कहीं और चले जाएँगे," ती म्हणाली.

"कशाला? तू तुला पाहिजे तिथे जा. मी ह्यांना विचारतोय."

पुण्याचा भाऊ म्हणाला की दादा, तू विषय उगाच कुठल्या कुठे नेतोस, आम्ही मजेत बोलत होतो. मग त्याने ताट बाजूला सारलं आणि बॅग भरायला गेला. मी त्याच्यामागे गेले नाही. स्टेशनवर त्यांना दादा सोडून आला.

त्याला आता दीड वर्ष होईल. कुटुंबाच्या ग्रुपवर ते भांडण मधूनमधून पुन्हा पेटतं, फेसाळलेल्या ग्लासांचे फोटो येतात. आता हैदराबादच्या कुठल्यातरी ब्रुअरीने म्हणे दोघांनाही मागे टाकलंय. बंगलोरचा स्वतः फोटो टाकत नाही, पण लाइकचा अंगठा टाकतो. पुण्याच्या भावाने मला त्यानंतर फोन केलेला नाही, मीही नाही. आत्या म्हणते, तू मोठी आहेस, तू कर. मी करणार नाही. राखीला मी त्याला नुसती राखी पाठवली, आत चिठ्ठी न घालता, आणि ती पोचल्याचं त्याने आईला कळवलं.

दादा रोज येतो. कधीकधी चहा पिता पिता तो एखादी गोष्ट विचारतो, जिच्यात तो होता पण त्याला आठवत नाही. गेल्या आठवड्यात मी चाचणीचे पेपर तपासत होते. त्याने विचारलं, "बाबांच्या तेराव्याला मी आलो होतो का?"

मी लाल पेन खाली ठेवलं. "आला होतास," मी म्हणाले, "आणि आल्यावर काय केलंस ते सांगू?"

"सांग," तो म्हणाला आणि खुर्ची जवळ ओढली.

मी सांगायला लागले. पाच मिनिटांत माझा आवाज इतका चढला की आतल्या खोलीत आईने टीव्ही मोठा केला.